हाताकडे पाहायचं नाही

वाशीम, ४ जुलै १९३७

आज मैदान बंद झालं. काळी माती खेळपट्टीवरच्या मॅटखालून वर यायला लागली, म्हणून आम्ही मॅट गुंडाळून शाळेच्या माळ्यावर टाकली. आता दिवाळी होईपर्यंत क्रिकेट नाही. क्लबातली बाकीची मंडळी खुशीत घरी गेली. माझं मात्र डोकं तिथंच अडकलं आहे. मार्चमध्ये कारंज्याच्या धनसिंगने मला पहिल्याच ओव्हरमध्ये उडवलं, आणि त्याच्या आदल्या वर्षीही त्यानेच. बॉल बाहेर जाईल म्हणून बॅट बाहेर घातली तर तो आत आला. की आत येईल म्हणून थांबलो आणि तो बाहेर गेला? नक्की सांगता येत नाही, यातच सगळं आलं.

मॅट उचलताना आमचे कॅप्टन इंद्रभानजी, म्हणजे शाळेतले ड्रॉइंग मास्तर, मला म्हणाले, "भगवंतराव, एक इचारू काय? बॅटिंग करतानी तुमी पाह्यता कुठी?"

"बॉलरकडं. आनखी कुठी पाहीन?"

"बॉलरच्या कुठी?"

मी जरा विचार केला आणि खरं ते सांगितलं. "तोंडाकडं."

मास्तर मॅटवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हसू आवरल्यावर म्हणाले, "म्या दहा वर्षात असा बॅट्समन पाह्यला नाई."

त्यांना काय कळणार! बैलांच्या दलालाच्या घरी जन्मलेला माणूस दुसरीकडे पाहणार तरी कुठे? आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घालायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा, आणि त्या वेळी रुमालाकडे चुकूनही पाहायचं नाही. हाताकडे पाहणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात वाकून बघणं. लहानपणी मी एकदा खाली पाहिलं तर बाबांनी सगळ्या बाजारादेखत टाळक्यात टपली मारली होती. तोंड वाच, म्हणाले. पापणी, गळ्याची घाटी, कानाची पाळी, सगळं वाचायचं.

तेच मी मैदानावर करत आलो, आणि गावातल्या बॉलरांपुढे ते छान चालतं. पोस्टमास्तर जोरात टाकायचा असला की जीभ बाहेर काढतात. दवाखान्यातला कंपाउंडर फसवा बॉल टाकायच्या आधी स्वतःच हसतो. धनसिंगचं तोंड मात्र सारवलेल्या भिंतीसारखं कोरं. त्या कोऱ्या भिंतीकडे मी दोन वर्षं टक लावून पाहत होतो.

मास्तरांनी शेवटी सांगून टाकलं. चार महिन्यांत हात वाचायला शिका, नाहीतर धनसिंगपुढे तुम्हाला उभं करणार नाही, स्कोअर लिहायला बसा. मला ते फार लागलं. बाजारात मी पुंजाजी दलालांचा पोरगा आहे आणि मरेपर्यंत तोच राहीन. मैदानावर मी भगवंतराव असतो.

९ जुलै

शिकवणी सुरू झाली. जागा आमचा गोठा. पावसाळ्यात बाजार मंद, त्यामुळे व्यापाऱ्यांचे बैल नाहीत. आमची घरची जोडी एका टोकाला बांधली की बाकीचा लांबलचक गोठा मोकळा. जमीन चोपून सारवलेली, बॉल बरा उसळतो.

पहिला धडा खडूंचा. मास्तर मुठीत रंगीत खडू धरून येतात, डोळ्याची पापणी लवायच्या आत मूठ उघडून मिटतात आणि रंग विचारतात. मी सगळ्या वेळा चुकलो, कारण सगळ्या वेळा मास्तरांच्या मिशीकडे पाहत होतो. शेवटी त्यांनी उपरणं तोंडावर घेतलं. तेव्हा कुठे माझी नजर खाली उतरली. ढवळ्या आणि पवळ्या रवंथ करत आमच्याकडे पाहत होते. त्यांनाही गंमत वाटली असावी.

१७ जुलै

रंग आता बरे ओळखतो. पण मास्तरांच्या बॉलिंगचा काही उपयोग नाही. मनगट वळतच नाही, सगळे बॉल सरळ. ते गेल्यावर माझी बायको आवडा चहाचा कप उचलायला आली आणि म्हणाली, "मास्तरचं मनगट लाकडाचं हाये."

"तुले काय कळते त्यातलं?"

"काहून नाई कळत? आमच्या मळ्यात टरबुजं झेलून झेलून गाडीत भरतो आमी. मनगट वळवून फेकलं का झेलनाऱ्याच्या हाताले झोंबत नाई."

आवडाचं माहेर अनसिंगचं, भाजीपाल्याचा मळा आहे त्यांचा. तिने खाली पडलेला बॉल उचलला, उभ्या उभ्या फेकला. तो जमिनीला लागला आणि चांगला हातभर वळून गव्हाणीवर आपटला. मी तोंड उघडं टाकून पाहत राहिलो. कसं केलंस म्हणून विचारलं तर म्हणे, "मले काय मालूम!" आणि कप घेऊन निघून गेली.

बायको नवऱ्याला बॉल टाकते हे क्लबात कळलं तर माझी धिंड काढतील. मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "ज्याचं मनगट वळते त्याचा बॉल घ्यायचा. लुगडं पाह्यत बसू नका." गोठ्याचं दार लावून घ्यायचं ठरलं.

१ ऑगस्ट

आजचा दिवस उजाडलाच नसता तर बरं झालं असतं.

बाजारात तांड्यावरचे रतनसिंग आले होते. बाबांच्या वयाचे, बाबांइतकेच मानाचे. त्यांच्या जोडीचा सौदा बाबांनी माझ्यावर सोपवला. रुमाल टाकला, त्यांचा हात हातात घेतला, आणि माझी नजर आपोआप खाली गेली. रुमालाखाली बोटं हलत होती ती मी पाहत राहिलो. कोणतं बोट दाबलं जाणार ते दाबायच्या आधी मला कळलं. मला आनंदच झाला! इतक्यात रतनसिंगांनी हात काढून घेतला. रुमाल झटकला, घडी करून खांद्यावर टाकला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. सगळा बाजार आमच्याकडे पाहायला लागला. शेवटी बाबांनी येऊन हात जोडले आणि सौदा स्वतः पुरा केला.

घरी आल्यावर म्हणाले, "पुंजाजीचा पोरगा लोकायचे हात पाह्यते. हे आयकाचं राह्यलं होतं माहं. काहून पाह्यलं?"

मी खरं ते सांगितलं. धनसिंग, मास्तर, खडू, सगळं.

त्यांनी अडकित्ता काढून सुपारी कातरली. मग म्हणाले, "त्या चेंडूपायी? आयक भगवंता. दिवाळी झाली का त्या कारंजावाल्यासंग एक डाव खेळ. त्यानं तुले काढलं तं ते फळकूट माळ्यावर जाईन, अन् पुन्हा खाली येनार नाई. अन् तवापावतर बजारात पाय ठेवू नको. नजर खराब झाली तुही."

म्हणजे आता मास्तर म्हणतात स्कोअर लिहा, आणि बाबा म्हणतात ते मैदानही विसरा. धनसिंगने या वेळी काढलं तर क्रिकेट संपलं. बाबांनी एवढी कठोर शिक्षा द्यायला नको होती. बाजार बंद केल्यामुळे माझा सगळा दिवस सरावाला मोकळा झाला आहे, हे मात्र त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

६ ऑगस्ट

चार दिवस बॅटला हात लावला नाही. काय करायचं ते हात पाहून, ज्यामुळे बापाला चारचौघांत हात जोडावे लागले? आवडाने आज बॅट आणून माझ्या पुढ्यात आपटली. म्हणाली, "तोंड पाडून बसले तं रतनसिंगबुवा काय खूश होनार हायेत? उठा. दूध उतू जाईन तवापावतर मी मोकळी हावो." उठलो.

२० ऑगस्ट

दिसलं! आज दिसलं!

मास्तरांनी बॉलचा अर्धा भाग चुन्याने रंगवून दिला आहे. फिरताना तो कुठे झुकतो ते त्या पांढऱ्यावरून कळतं. मी आठवडाभर त्या पांढऱ्याचा पाठलाग करत होतो, आणि आज अचानक मला बॉलच्याही आधी आवडाचा हात दिसला. तळवा माझ्याकडे आला की बॉल बाहेर जातो. हाताची मागची बाजू दिसली, म्हणजे बांगड्या उलट्या फिरल्या, की आत येतो. मी ओरडत सुटलो, "बाहेर! आत! बाहेर!" एकही चुकला नाही. ढवळ्या दचकून उभा राहिला. आवडा हसता हसता खाली बसली. आजच्याइतका आनंद मला पहिल्या पन्नास रनांच्या वेळीही झाला नव्हता.

बाबा सध्या दुपारी झोपायचं सोडून गोठ्यात येऊन बसतात. ढवळ्याच्या खुराला काही झालंय म्हणतात. त्यांच्यासमोर आवडा डोक्यावर पदर ओढून कोपऱ्यात शेण गोळा करायला लागते आणि आमचा सराव बुडतो. मग ते बाहेर ओट्यावर जाऊन बसतात, तिथून फटीतून बैल दिसतो म्हणे. मला तरी त्या खुरात काही दिसलं नाही.

५ सप्टेंबर

काल पोळा झाला. बैलांना न्हाऊ घातलं, शिंगं रंगवली. आवडाने पुरणपोळी चारली. मिरवणुकीत मी सबंध वेळ लोकांचे हात पाहत चाललो होतो. ताशेवाल्याचं मनगट टिपरू पडायच्या आधी कुठे वळतं ते मला आता दिसतं. न्हाव्याचा हात, वाण्याचा तराजू धरलेला हात, सगळ्यांची काही ना काही चाल आहे. तीस वर्षं मी या गावात राहतो आणि हे काहीच पाहिलं नव्हतं. रात्री आवडाचा हात पाहिला तर मनगटावर चुलीचे जुने डाग आहेत. कधीचे म्हणून विचारलं. "लगन झालं तवाचे," म्हणाली. तेही माहीत नव्हतं.

२६ सप्टेंबर

दोन गोष्टी लिहायच्या आहेत.

एक. आवडाच्या बोटाला फोड आले आहेत. दळण फार पडतं बिचारीला. मी ताबडतोब धान्य गिरणीत पाठवायला सुरुवात केली. ती माझ्याकडे पाहून गालात हसली. आभार मानायची पद्धत असेल.

दोन. गोठ्याच्या जमिनीत कुठेतरी खडा वर आलेला आहे. आवडाचा तळवा स्वच्छ दिसला, मी "बाहेर" म्हणालो, आणि बॉल आत येऊन स्टंप म्हणून मागे ठेवलेल्या डब्यावर धाडकन बसला. असं आज दोनदा झालं. मी जमीन हाताने चाचपून पाहिली, काही सापडलं नाही. आवडा म्हणाली, "असन एखादा खडा. सारवून घेतो मी." शिवाय आपण बाजारात गेल्यावर वाड्यातली पोरं गोठ्यात शिरत असावीत. मागच्या भिंतीवर डब्याच्या उंचीला चुन्याचे गोल ठिपके पडले आहेत, सगळे एका जागी.

मी बाजारात जात नाही हे लिहिताना विसरलोच. क्लबात गेल्यावर म्हणायचं होतं.

१५ ऑक्टोबर

काल दसरा. सोनं द्यायला रतनसिंगांकडे जावं असं मनात होतं, पण धीर झाला नाही. बाबा एकटेच गेले.

तो खडा काही निघत नाही. आवडाने दोनदा सारवलं, तरी बॉल अधूनमधून उलटा येतोच. मात्र मला एक खूण सापडली आहे. खड्यावर पडणाऱ्या बॉलच्या वेळी आवडाची करंगळी ताठ उभी राहते. तळवा तोच, पण करंगळी वर. का कोण जाणे! कदाचित तीही त्या जागेला बिचकत असेल. करंगळी दिसली की मी तळव्यावर विश्वास न ठेवता आत खेळतो आणि वाचतो. हे मी मास्तरांना सांगितलं नाही, उगीच वेड्यात काढतील.

६ नोव्हेंबर

भाऊबिजेला आवडा अनसिंगला गेली. गोठा सुना सुना वाटतो. मी एकटाच बॉल भिंतीवर मारत बसलो, त्यात काही राम नाही. घरातही तसंच. आई गेल्यापासून या घरात आवाज असतो तो आवडाचाच, हे आज कळलं. लवकर यावी.

९ नोव्हेंबर

आली. सोडायला तिचा भाऊ आला होता. म्हणाला, "दाजी, ताईनं आमाले लिंबायनं बेजार केलं. समद्यायले रांगंनं उभं करे अन् लिंबं फेकून मारे." माहेरी गेल्या की पोरी लहान होतात, दुसरं काय!

२० नोव्हेंबर

उद्या मॅच. मॅट सकाळी अंथरली. मास्तरांनी मला तिसऱ्या नंबरावर ठेवलं आहे. जेवताना बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "उद्या किती वाजता हाये ते?" मी म्हटलं, "दहाले." मला भीती वाटते आहे. उद्याच्या एका बॉलवर पुढचं सगळं आयुष्य मैदानाबाहेर जाऊ शकतं. आवडा म्हणते, उगाच जागू नका, डोळे लाल होतील.

२१ नोव्हेंबर

सगळं नीट लिहायला हवं, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

कारंजावाल्यांनी आधी बॅटिंग केली. आमच्या डावात पहिला गडी लवकर गेला आणि मी आत गेलो. बॉलर धनसिंग. तेच कोरं तोंड. सवयीने नजर त्या तोंडाकडे गेली आणि मी ती ओढून खाली आणली. हात आला. मागची बाजू दिसली. आत! मी बॅट आत धरली, बॉल बरोबर मधोमध लागला. पुढचा तळव्याचा, तो बाहेर जाऊ दिला. तिसऱ्याला चार रन. हातात आरसा धरल्यासारखं दिसत होतं. खरं सांगायचं तर धनसिंगचा हात आवडापेक्षा हळू वळतो, आणि त्याला बांगड्या नाहीत एवढीच अडचण.

वीसेक रन झाल्यावर त्याने त्याच्या कॅप्टनशी काहीतरी बोलून घेतलं. पुन्हा धावत आला. तळवा. स्वच्छ तळवा, बाहेर जाणारा. मी पाय तिकडे टाकणार, एवढ्यात त्याची करंगळी ताठ झालेली दिसली.

विचार करायला वेळ नव्हता. पाय मागे घेतला आणि आत खेळलो. बॉल आत आला, बॅटवर बसला आणि मास्तरांच्या शाळेच्या कुंपणापलीकडे गेला. लोक ओरडत होते आणि मी खेळपट्टीच्या मधोमध उभा राहून पायाखालच्या मॅटकडे पाहत होतो. इथे खडा कुठला! इथे खडा नव्हता. गोठ्यातही कधी खडा नव्हता.

मी उभ्या उभ्या हसायला लागलो. धनसिंगला वाटलं मी त्याला हसतो आहे. त्याचं ते कोरं तोंड पहिल्यांदा लाल झालं. त्यानंतर त्याने मला आणखी बरेच बॉल टाकले, पण काढलं नाही. मला शेवटी त्यांच्या कुठल्याशा नवख्या पोराने अगदी सरळ बॉलवर उडवलं. त्याने काही वळवलंच नाही आणि मी त्याच्या हातात काहीतरी शोधत बसलो. तोवर सेहेचाळीस झाले होते. मॅच आम्ही जिंकलो.

परत येताना दिसलं, कुंपणाशी बाबा उभे होते. आज बाजाराचा दिवस आणि बाबा बाजारात नव्हते. त्यांच्या शेजारी रतनसिंग. मी जवळ जाऊन मान खाली घातली. रतनसिंग म्हणाले, "माह्या हाताकडं पाह्यलं तवा मले लय राग आला होता, भगवंता. आज पाह्यलं तं म्हनलं, पोरगा कामाले लावून राह्यला नजर. पुढच्या बजाराले ये. पन तिथी वर पाह्यजो." मी त्यांच्या पायांना हात लावला. बाबा दुसरीकडे पाहत उपरण्याने डोळे पुसत होते. धूळ फार होती म्हणाले.

घरी येऊन आवडाला विचारलं, "तो खडा कवापासून टाकत होतीस?"

ती भाकरी थापत होती. वर न पाहता म्हणाली, "तुमाले दिसून राह्यलं होतं समदं. मंग मले मजा येईना. म्हनून तो उलटा चेंडू शोधला."

मला तिचा इतका अभिमान वाटला की मी चुलीपाशीच बसून राहिलो आणि पहिली भाकरी तिथेच खाल्ली.

२२ नोव्हेंबर

सकाळी अनसिंगच्या बाजाराला निघायचं होतं. बैल सोडायला गोठ्यात गेलो तर बाबा आधीच तिथे होते. आवडा शेण काढत होती. बाबा म्हणाले, "सूनबाई, तो कालचा चेंडू टाक बरं एकडाव."

आवडाने माझ्याकडे पाहिलं. मी बॅट घेऊन उभा राहिलो. तिने डोक्यावरचा पदर नीट केला, हात धुतले, बॉल घेतला. सासऱ्यासमोर ती एरवी मोठ्याने बोलतही नाही. बाबा माझ्या मागे डब्याशी उकिडवे बसले.

तिने टाकला. करंगळी खाली होती. मी "बाहेर" म्हणालो आणि त्याच क्षणी मागून बाबा म्हणाले, "आत." बॉल आत आला आणि डबा कोसळला. तिने पुन्हा काहीतरी नवीन काढलं होतं, आणि ते माझ्या आधी बाबांना दिसलं होतं.

मी वळून पाहिलं. बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. धोतर वर खोचलं, डबा पुन्हा जागेवर ठेवला आणि माझ्यापुढे हात केला. मला आधी कळलंच नाही काय हवंय. मग मी बॅट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कुऱ्हाडीसारखी धरली. मी धरायची कशी ते दाखवायला गेलो तर मला कोपराने बाजूला सारलं.

"हात जरा उजेडात आन वो सूनबाई," बाबा म्हणाले, "मले नीट दिसू दे."

आवडा दोन पावलं दाराच्या उजेडाकडे सरकली. बैल जुंपायचे राहिले होते.